‘व्होल्टेज कमी असलं की मोटर जळत नाही’ म्हणे!

हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला युक्तिवाद असा: व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट, हे शाळेतलं सूत्र. म्हणजे व्होल्टेज कमी तर करंट कमी, आणि करंट कमी तर मोटर थंड. तेव्हा लाईन डाऊन, म्हणजे व्होल्टेज पडलेलं असताना स्टार्टर ट्रिप होत असेल, तर रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) वाढवा आणि खुशाल मोटर चालवा. पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. मीटरवर 400 व्होल्ट दिसले म्हणजे लाईन चांगली, दोष मोटरचा. न्यूट्रलच्या तारेत व्होल्टेज नसतंच, ती सैल असली तरी चालते. आणि माणूस करंटने मरतो, व्होल्टेजने नाही. शेवटी ‘शेतकरी हितासाठी पुढे पाठवा’.

सूत्र खरं आहे. ओहमने ते 1827 मध्ये मांडलं, आणि हीटरला किंवा जुन्या पिवळ्या बल्बला ते सरळ लागू पडतं. 1000 वॅटच्या हीटरला 230 ऐवजी 170 व्होल्ट मिळाले तर तो जेमतेम 550 वॅटची उष्णता देईल. पाणी उशिरा तापेल, हीटरचं काही बिघडणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने मोटरलाही हीटरच समजलं, गडबड तिथेच झाली.

मोटरच्या मानेवर पंप बसलेला असतो आणि त्याला व्होल्टेजशी देणंघेणं नसतं, त्याला पाणी वर फेकायचं असतं. मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. दोन फेजमध्ये 400 ऐवजी 300 व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज पाऊणपट, पण ताकद 56 टक्के. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मागे पडतो, आणि तो जितका मागे पडेल तितका जास्त करंट मोटर लाईनमधून ओढते. 5 एचपीची मोटर एरवी 8 अँपिअरच्या आसपास घेते. अशा वेळी ती दहा-अकरावर जाते. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे 8 चे 11 झाले की उष्णता जवळजवळ दुप्पट. सुरू होतानाच व्होल्टेज पडलेलं असेल तर आणखी वाईट. मोटर नुसती घुमते, उचलत नाही, आणि तेवढा वेळ कित्येक पट करंट घेत राहते. त्या क्षणी तिला वाचवणारी एकच वस्तू असते, तो रिले. मेसेज नेमका तोच वाढवायला सांगतो! रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला लावायचा असतो. तो वारंवार पडत असेल तर तो आपलं काम करतो आहे.

जळालेली मोटर भरायला (नवी गुंडाळी करायला) टाकाल तेव्हा दुकानात थांबून ती उघडताना बघा. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर जास्त लोड किंवा पडलेलं व्होल्टेज. स्टार जोडणीच्या (तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटरमध्ये दोन फेज काळे आणि तिसरा नव्यासारखा लखलखीत दिसला, तर चालू असताना एक फेज गेला होता. जळालेलं तांबं खोटं बोलत नाही, आणि दुकानदारालाही मग बोलता येत नाही. जास्त व्होल्टेजनेही मोटर जळते हे खरं आहे, पण रब्बीत ज्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात तिथे तो त्रास सहसा नसतो.

आता मीटरचं. मोटर बंद असताना तारेतून करंट वाहत नाही, म्हणून तारेत व्होल्टेज पडतही नाही. तार कितीही बारीक किंवा लांब असो, मीटर पुरे 400 दाखवणारच. मोजायचं ते मोटर चालू असताना. शिवाय तिकडच्या खोल बोअरमध्ये आणखी एक गोष्ट विसरली जाते: स्टार्टरपासून खाली मोटरपर्यंत गेलेली फ्लॅट केबलही लांबीत धरावी लागते. वावरातली केबल आणि बोअरमधली केबल मिळून 300 मीटर झाली, तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची असली, तर 8 अँपिअरला वाटेतच सुमारे 25 व्होल्ट जातात. तीच केबल 4 चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे 15. अ‍ॅल्युमिनियमची 2.5 ची असेल तर 40. डीपीवर आधीच 350 असताना हे 40 फार जड जातात. दोष लाईनचा की मोटरचा हे ठरवण्याआधी केबलकडे बघावं. मोटरला योग्य मापाचा कपॅसिटर लावला तर लाईनमधून येणारा करंट थोडा उतरतो आणि वाटेतली घटही. हजार रुपयांच्या आतबाहेरची वस्तू, पण लावली असली तरी बहुतेक ठिकाणी सुटलेली किंवा फुगलेली सापडते.

न्यूट्रलबद्दल थोडक्यात. व्होल्टेज कधीच एका तारेत नसतं, ते दोन ठिकाणांमधला फरक असतो. न्यूट्रल जागेवर आहे म्हणून तुमच्या घरात 230 आहे. डीपीवर न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एका घरात फक्त 1000 वॅटचा हीटर आणि दुसऱ्यात फक्त 100 वॅटचा बल्ब असेल, तर हीटरच्या वाट्याला 36 आणि बल्बच्या वाट्याला 360 च्या वर. ज्याचा लोड कमी त्याचं नुकसान जास्त. म्हणूनच अशा रात्री गल्लीत काही घरांचे पंखे मंदावतात आणि शेजारच्यांचे टीव्ही जातात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात अर्धं सत्य आहे. मेसेज म्हणतो, कुंपणाच्या तारेला लावतात ते झटका मशीन हजारो व्होल्ट देतं तरी कोणी मरत नाही, मग 230 ला काय घाबरायचं? झटका मशीन हजारो व्होल्ट देतं खरं, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, मग सेकंदभर थांबून पुन्हा तेवढंच, आणि दर झटक्याची ऊर्जा मशीनने बांधून ठेवलेली असते. 230 ची लाईन थांबत नाही. अंगातून किती करंट जाईल हे व्होल्टेज आणि अंगाचा रोध मिळून ठरवतात. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरला तर 230 मिलिअँपिअर होतात, आणि घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) माणूस वाचावा म्हणून 30 मिलिअँपिअरवरच तुटतो. स्नायू आखडतात, तार सोडता येत नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला थेट लाईन जोडलेल्या वावरांत विदर्भात शेतकरी मेले आहेत, त्यांच्या घरचे मेले आहेत, वाघही मेले आहेत. मालकावर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. कुंपणाला करंट द्यायचाच असेल तर मानकाप्रमाणे बनवलेलं झटका मशीन घ्या, त्याची अर्थिंग नीट करा, आणि तारेवर पाटी लावा. आकडा टाकून तयार केलेल्या कुंपणाला ‘कमी व्होल्टेज आहे’ असं म्हणू नका.