ओ इंजिनेर, फाईल उघडंना झालिया!

गुळाच्या अडत दुकानात ज्याला संगणकाचे थोडेफार कळते, त्याचे सुख दिवाळीच्या पाडव्यापर्यंतच टिकते. पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात, रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, राशी लागतात, दुपारपर्यंत शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, दारात येऊन बसतात, आणि नेमकी त्याच वेळी आतून आमच्या दिवाणजींची हाक येते, "ओ इंजिनेर, फाईल उघडंना झालिया!"

ही फाईल मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामची. वजन, दर, हमाली, तोलाई, शेतकऱ्याने आगाऊ घेतलेली उचल, सगळे तिच्या पोटात. ती मालकांच्या खोलीतल्या संगणकावर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये राहते आणि बाकीचे सगळे आपापल्या जागेवरून ती उघडतात. मालकांची समजूत अशी, की त्या खोलीत कोणी अदृश्य कारकून बसला असून तो प्रत्येकाचे ऐकून घेतो आणि स्वतःच्या हाताने एकेक नोंद करतो. असा कारकून एसक्यूएल सर्व्हरसारख्या मोठ्या डेटाबेस व्यवस्थेत खरोखरच असतो. ॲक्सेसमध्ये मात्र प्रत्येक संगणक नेटवर्कवरून थेट त्या एकाच फाईलमध्ये शिरतो, चार किलोबाइटचे एकेक पान वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. लिहिता लिहिता मध्येच जोडणी तुटली, तर पान अर्धवट राहते आणि पुढच्या माणसाला ॲक्सेस सरळ सांगते, की ही फाईल आपल्या ओळखीची नाही.

कोणी कोणता भाग धरून ठेवला आहे याचा हिशेब शेजारीच आपोआप तयार होणाऱ्या एका छोट्या कुलूप-फाईलमध्ये असतो. शेवटचा माणूस नीट बाहेर पडला की ती आपली आपण नाहीशी होते. दिवाणजींना ती कचरा वाटते. "ही कुठनं आलीया मधीच?" असे म्हणत ते ती पुसायला जातात, काम चालू असेपर्यंत विंडोज ती पुसू देत नाही, आणि मग 'मशीनला व्हायरस झालाय' हा निष्कर्ष संध्याकाळपर्यंत यार्डभर पोहोचतो.

मालकांचे पुतणे हा स्वतंत्र विषय आहे. ते लॅपटॉप घेऊन रव्यांच्या राशीमधून हिंडत वायफायवर दर भरतात, आणि वायफाय राशीआड गेले की अर्धवट पानाची पुन्हा तयारी होते. फाईल 'सुरक्षित' राहावी म्हणून ती इंटरनेटवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी, असेही त्यांनी एकदा सुचवले. तसे केले असते तर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी प्रत आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या निघाल्या असत्या. शेतकऱ्याने त्यातली मोठी पट्टी घेऊन घर गाठले असते.

उपाय जगजाहीर आहेत. तक्ते एका फाईलमध्ये मागे ठेवायचे, फॉर्म आणि अहवाल दुसऱ्या फाईलमध्ये घालून तिची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर द्यायची, सर्वांना केबल ओढायची, रोज रात्री प्रत काढायची, आणि अधूनमधून सगळ्यांना बाहेर काढून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर', म्हणजे फाईलमधली वाया गेलेली जागा काढून दुरुस्ती, करायचे, कारण फाईल दोन जीबीच्या पुढे वाढत नाही. हे सगळे आम्ही केले. त्यापुढचे पाऊल म्हणून एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस फुकट मिळतो असे मी मालकांना सांगितले, तर 'फुकट' ऐकून त्यांचा चेहरा पडला. ज्या मालाला दर नाही, तो त्यांनी आयुष्यात कधी विकत घेतलेला नाही.

राहता राहिला नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्यांच्या केबल एकत्र जोडणारे डबडे. तो नेमका त्याच बोर्डावर, जिथे हमाल मंडळी मोबाईल चार्ज करतात, आणि जागा नसली की मिचमिचणाऱ्या डबड्याचा प्लग निघतो. 'प्लग काढू नये' ही पाटी कोणी वाचली नाही. शेवटी दिवाणजींनी प्लगच्या वर अंबाबाईची तसबीर चिकटवली. त्या दिवसापासून प्लगला कोणी हात लावलेला नाही. फक्त तसबिरीखाली उदबत्तीचे घर स्विचवरच मांडले गेले असून, राख रोज सकाळी जाळीतून आत पडते, आणि ते घर हलवायचे कोणी, यावर अजून एकमत झालेले नाही.