घरच्या दुधाला मी नावं ठेवलेली नाहीत

दादा, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुधातल्या व्हिटॅमिन डीवर मी लिहिलं ती पाकीटवाल्यांची जाहिरात आहे, गोठ्यातल्या म्हशीच्या दुधाला मी कमी लेखलं, आणि खान्देशात ऊन काय कमी आहे, असं तुमचं म्हणणं. शिवाय डी स्निग्धात विरघळतं म्हणता, मग साय काढायला कशी सांगता, हा प्रश्न.

सायीचं आधी. तिथं माझी चूकच झाली. साय काढली की डीचा काही भाग तिच्याबरोबर जातो. वजनासाठी साय टाळा, हे मी लिहिताना डी विसरले. लेखातलं ते वाक्य आज काढलं. पाकिटाचं दूध असेल तर साय त्यातच ढवळा, नाहीतर सायीसकट दही लावा. उकळल्यानं डी फारसं जात नाही, ती काळजी नको.

जाहिरातीचं मात्र मला मान्य नाही. म्हशीचं दूध कॅल्शियमला उत्तमच, गाईच्या दुधापेक्षा सरस. पण डी कुठल्याच दुधात मुळात फार थोडं असतं. जनावर उन्हात बांधलं तर थोडं वाढतं, पण थोडंच. पाकिटात ते वरून घालतात, तेही सगळ्याच नाही. निळ्या रंगात ‘एफ’ आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर समजायचं. आता त्याचाही हिशेब करा. 2018 च्या नियमांप्रमाणे अशा दुधात लिटरला 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200 ते 300 युनिट डी असतं. 200 मिलीच्या पेल्यात 40 ते 60 युनिट आले. मोठ्या माणसाला दिवसाला 600 लागतात. दोन पेले रोज प्यायले तरी पाचवा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो. अंड्याच्या एका बलकात साधारण 40. ही जाहिरात असती तर मी हा हिशेब मांडलाच नसता.

राहिलं ऊन. माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पाय घसरून मनगट मोडलं. रक्ताच्या तपासणीत डी मिलिलिटरला 11 नॅनोग्रॅम आलं. 20 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. मी रिपोर्ट वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “उनमा तं जलम गया मन्हा!” खरंच गेला. कपाशी वेचण्यात, केळीच्या बागेत. पण गुडघे धरल्यापासून सहा-सात वर्षं ती घरातच होती. बाहेर निघायची ती सकाळी सातला तुळशीला पाणी घालायला, डोक्यावर पदर, हात झाकलेले. एप्रिलमध्ये आपल्याकडे अकरापासून दारं-खिडक्या लोटून घेतात. तरण्या मुली गाडीवर निघाल्या तरी ओढणी, मोजे, हातमोजे. त्यात वय झालं की कातडीची डी तयार करायची ताकदही उतरते.

आणि कोवळं ऊन त्यासाठी कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडेल तेव्हाचं ऊन लागतं. उन्हाळ्यात ती वेळ साडेनऊच्या सुमारास येते, लाही व्हायच्या आत. डिसेंबरात भरदुपारीही सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी होते, म्हणून तेव्हा बाराच्या आसपास बसावं. हात-पाय उघडे, आणि काचेच्या आड नाही, कारण डी तयार करणारे किरण काच अडवते. आईला मी आता साडेनऊला अंगणात बाजेवर बसवते, बाह्या कोपराच्या वर सारून. निवडायला तूर दिली की ती वीस मिनिटं सहज बसते.

डीच्या औषधी पुड्यांबद्दल एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. डॉक्टरांनी आईला 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, अशा आठ दिल्या. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी तीच पुडी कुणाचं तरी ऐकून रोज घेतली, दोन महिने. उलट्या, सारखी तहान, पोट साफ नाही. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठून राहतं. पुडी डॉक्टरांनी सांगितल्यावरच आणि तेवढीच घ्यायची.

दादा, तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या आईचे गुडघे आणि कंबर दुखते, “पण ते वयानं.” असेलही. तरी एकदा रक्त तपासून घ्या. त्यांना दूध घरच्या म्हशीचंच द्या, सायीसकट. आकडा काय आला ते इथं कळवाल का?