ग्राहकाला काय हवे, हे चुकूनही विचारू नये

सॉफ्टवेअर विकण्याच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या सर्व होतकरू मंडळींचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. म्हणजे पगार नाही, पण बोलणी मात्र पूर्णवेळ खातो. आमच्या संस्थेने नुकतेच हिशेबाचे आणि देखभालीची बिले काढण्याचे एक सॉफ्टवेअर घेतले. त्या निमित्ताने ग्राहकाभिमुख विक्रीचे जे शास्त्र माझ्या पदरात पडले, ते आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहकाकडे जाण्यापूर्वी त्याचे काम कसे चालते याची चौकशी करू नये. चौकशी केली की उत्तर मिळते, उत्तर मिळाले की ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही हे कळते, आणि मग डेमो देताना आवाजात जो आत्मविश्वास लागतो तो उरत नाही. आमच्याकडे आलेल्या तरुणाने हे पथ्य कसोशीने पाळले. समितीच्या सभेत त्याने भिंतीवर जे जे दाखवले, त्यात पाहुण्यांची नोंद होती, क्लबहाउसचे वेळापत्रक होते आणि जलतरण तलावाचे आरक्षणही होते. आमच्या इमारतीत पोहण्याची सोय फक्त जुलैमध्ये आणि तीही पार्किंगमध्ये होते. खजिनदार काकूंनी एवढेच विचारले, "यातून सभासदांच्या यादीचे 'जे' रजिस्टर निघेल ना?" त्यावर "सगळं निघतं मॅडम" असे म्हणून तो पुढच्या स्लाइडकडे वळला. हे वाक्य पाठ करून ठेवावे. पुढे जे निघायचे ते आमचे निघते, आणि तोवर आपला धनादेश वटलेला असतो.

दर विचारणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आधी घ्यावा, आणि मग त्याला दुपारी एक ते चारच्या दरम्यान फोन करावा.

किंमत सांगताना 'दर सदनिका, दर महिना' एवढाच आकडा उच्चारावा. जीएसटी, एसएमएसचे पैसे, मागच्या वर्षीच्या शिलका भरून देण्याचे शुल्क आणि दुसऱ्या वर्षीचा दर या गोष्टी ग्राहकाला सावकाश कळू द्याव्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत गिऱ्हाइकाला गंडवण्याचे 13 प्रकार व्याख्येसह दिले. टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे आणि वर्गणीतून बाहेर पडू न देणे हे दोन्ही त्यांत आहेत. सरकारने एवढा नेटका अभ्यासक्रम फुकट दिला असताना त्याचा लाभ न उठवणे हा करंटेपणा ठरेल.

आता बिलांविषयी. नियम ग्राहकाचे असले तरी सॉफ्टवेअर आपले असते, हे कधीही विसरू नये. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी, म्हणजे कारभाराचे नमुना नियम, आहेत आणि कोणत्या खर्चाची वाटणी कशी करायची ते त्यांत स्वच्छ लिहिलेले आहे. रखवालदार, सफाई, कार्यालय अशा सेवांचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा. पाणीपट्टी नळजोडांच्या हिशेबाने. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी, किमान 0.25 टक्के, थकबाकीवर सरळव्याज, तेही सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या फार तर 10 टक्के. हे वाचायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास वाचवणे हीच विक्रेत्याची खरी हुशारी.

आमच्या सॉफ्टवेअरला वाटणीची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे चौरस फूट. पहिली बिले निघाली तेव्हा तीन बेडरूमवाल्यांच्या नावे झाडलोटीचा आणि रखवालीचा खर्च एक बेडरूमवाल्यांच्या अडीच पट पडला होता. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ बिलाची प्रत हातात घेऊन जिन्यातच उभे राहिले आणि त्यांनी मला विचारले, "सचिवसाहेब, वॉचमन मला अडीच सलाम ठोकतो का?" त्यांना काय सांगणार? दुसऱ्या एका बिलात मागच्या तिमाहीचे व्याज मुद्दलात मिळवून त्यावर नवे व्याज चढवले होते. थकबाकीदाराला एवढे निमित्त भरपूर होते. ज्यांच्या दारात आम्ही वसुलीला जात होतो, ते आता सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याची भाषा करत आमच्या दारात आले. काकूंनी मग प्रत्येक बिल हाताने तपासले, लाल पेनाने दुरुस्त केले आणि जुन्या पावतीपुस्तकातून पावत्या फाडल्या. कष्ट वाचवणारे सॉफ्टवेअर ते हेच.

मी रीतसर तक्रार नोंदवली. आधी एका यंत्राने माझ्याशी गोड गोड गप्पा मारल्या, मग तिकीट क्रमांक आला, आणि त्यानंतर जे उत्तर आले ते प्रत्येक होतकरू विक्रेत्याने चौकटीत लावावे. कंपनीने कळवले की त्यांचे बहुतेक ग्राहक चौरस फुटावरच आकारणी करतात, तरी आपणही सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून घ्यावा. म्हणजे यांच्या प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवायला नको म्हणून आम्ही सगळ्या सभासदांना सभेला बोलवायचे आणि गच्चीच्या गळतीवरून आधीच हमरीतुमरीवर येणाऱ्या त्या सभेत उपविधींच्या विरुद्ध ठराव मांडायचा! लगेच दुसरा संदेश आला: आपले तिकीट सोडवण्यात आले आहे, कृपया पाच तारे द्यावेत. अहो, कसले तारे? दिवसा दिसले तेवढे पुरेत.

ग्राहक सोडून निघालाच, तर त्याचा सगळा हिशेब त्याला पीडीएफमध्ये द्यावा, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो पुन्हा हाताने भरत बसावा लागतो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि लेखापरीक्षक त्याआधी खातेवही मागतो, त्यामुळे बिचारा कुठे जात नाही.

पण आता पुरे झाले. ग्राहकाची गरज ओळखायला फार मोठी बुद्धी लागते, असे कुणी सांगू नये. टॅलीचा जन्म 1986 चा. वडिलांच्या धंद्याला सोयीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून भरत गोएंका यांनी ते लिहायला घेतले. गरज घरातच होती आणि ती त्यांनी ऐकली. अमेरिकेत इंट्यूट कंपनीची माणसे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या परवानगीने त्याच्या घरी जायची आणि तो कुठे अडखळतो ते मागे बसून पाहायची. आमच्या गरजेसाठी तर तुम्हाला कुणाच्या मागे बसायचीही गरज नव्हती. ती छापील आहे, मराठीत आहे आणि राज्यातल्या प्रत्येक संस्थेच्या कपाटात पडलेली आहे. तुम्ही ती वाचली नाही, कारण तुम्हाला सॉफ्टवेअर खपवायचे होते. आमची बिले बरोबर निघतात की नाही याच्याशी तुम्हाला काडीचे देणेघेणे नव्हते. सोसायटीचे काम फुकट आणि रात्री जागून करणाऱ्या माणसांच्या वेळेला काही किंमत असते, हे तुमच्या दरपत्रकात कुठेच नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा लॅपटॉप पिशवीतच ठेवा. काकूंकडून मागच्या वर्षीचे एक थकबाकीचे बिल मागून घ्या, त्यांच्यासमोर बसून ते तुमच्या सॉफ्टवेअरमधून पैशापैशाने जुळवून दाखवा, आणि जुळत नसेल तर तसे तोंडावर सांगून चालते व्हा.