लाकडी घर बांधू पाहणाऱ्या सज्जनांस

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवर, वडिलोपार्जित जमिनीच्या एका कोपऱ्यात चारशे चौरस फुटांचे लहानसे लाकडी घर स्वतःच्या हाताने बांधावे, असे आपल्या मनात आले असेल तर प्रथम आपले अभिनंदन. करवत, रंधा आणि पटाशी यांची खरेदी मात्र सध्या करू नये, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ही हत्यारे गंजतात. त्याऐवजी रुंद कण्याची एक फाइल आणि कागदाला भोके पाडण्याचा चांगला पंच घ्यावा. आपल्याला दोन घरे बांधायची आहेत. त्यांतले पहिले कागदाचे असते आणि ते आढ्यापर्यंत उभे राहिल्याखेरीज दुसऱ्याच्या खांबाखाली तळखडासुद्धा ठेवता येत नाही.

जमीन कोणाची, हा या घराचा पाया. ती आपली आहे असे आपल्याला वाटते, कारण तिच्यातले तण आपण लहानपणापासून उपटत आलो आहोत. कचेरीला असे काही वाटत नाही. पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, आपल्या वडिलांचे नाव कन्नडमध्ये ‘पर्शराम’ असे असते, मतदार ओळखपत्रावर ‘परशुराम’ असते आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘परसराम’. ज्या माणसाला गावाने आयुष्यभर ‘परशराम’ म्हणून हाक मारली, तो कागदोपत्री तीन इसमांत वाटला गेलेला असतो आणि त्या तिघांपैकी आपले वडील नक्की कोणते, हे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर शपथेने सांगण्याची जबाबदारी मुलावर येते. येथे वाद घालू नये. बेळगाव, बेळगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, अशी तीन नावे घेऊन एक अख्खे शहर राजरोस नांदत आहे आणि त्याच्याकडे कोणी प्रतिज्ञापत्र मागितलेले नाही, हा मुद्दा मी एकदा मांडून पाहिला होता. त्यानंतर माझी फाइल पाच आठवडे सापडत नव्हती.

अर्ज कोणत्या भाषेत करावा, याविषयी आपल्या मनात शंका नसावी. राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा अर्ज खुशाल मराठीत लिहावा, शुद्धलेखन दोनदा तपासावे आणि तो घरी देवघरात ठेवावा. कचेरीत न्यायचा अर्ज दारातल्या टंकलेखकाकडून कन्नडमध्ये करून घ्यावा. ‘नाळे बर्री’ (उद्या या) या दोन शब्दांचे भाषांतर मात्र कोणाकडून करून घेण्याची गरज पडणार नाही, कारण ते पहिल्याच दिवशी पाठ होतात.

यानंतर जमीन बिनशेती करणे आले. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ याच्या कलम ९५ नुसार शेतजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्या पहाणीत क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असे लिहिलेले असते आणि आपले घर अर्ध्या गुंठ्यातही ऐसपैस मावते, कारण गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पण तेवढाच तुकडा वेगळा काढायचा तर ११ई नावाचा पोटहिश्श्याचा नकाशा हवा, नकाशासाठी मोजणीदार हवा, मोजणीदाराला बांधाचा दगड हवा, आणि तो दगड शेजाऱ्याने २० वर्षांपूर्वी धुणे आपटण्यासाठी विहिरीवर नेलेला असतो. मूळ कलमात अशीही सोय होती की चार महिन्यांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. ही तरतूद वाचून हुरळून जाऊ नये. ती कचेरीनेही वाचलेली असते आणि म्हणूनच चौथ्या महिन्याच्या अखेरीस आपल्याला अर्जावरील सहीची शाई निळी का, अशा स्वरूपाचा एक खुलासा मागवला जातो.

काही अनुभवी मंडळी आपल्याला सांगतील की शेतीच्या कामासाठीची इमारत शेतकऱ्याला आपल्या जमिनीत मोकळी आहे, मग बिनशेतीच्या नादाला कशाला लागायचे. सल्ला उत्तम आहे. फक्त त्या इमारतीत शेती दिसली पाहिजे. पाहणीच्या दिवशी पुस्तकांचे कपाट आणि आरामखुर्ची झाकून ठेवावी आणि ओळखीच्या घरून एक म्हैस आणून पडवीत बांधावी. म्हैस दुभती असल्यास चहाचीही सोय होते.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. आपली जमीन त्याच्या जवळपास असेल तर वनखात्याचा नाहरकत दाखला आधी पाहावा. जंगलाच्या कडेला लाकडाचे घर बांधण्याची इच्छा त्या खात्याला फार संशयास्पद वाटते, आणि खरे सांगायचे तर त्यात त्यांचे फारसे चुकत नाही.

आता लाकूड. आपल्या आजोबांनी बांधावर लावलेले साग आपल्या डोळ्यांपुढे उभे आहेत हे मला ठाऊक आहे. ते आजोबांनी लावले, आईने पहिल्या उन्हाळ्यांत घागरीने शिंपले आणि १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याने सांभाळले. ते तोडायचे तर अर्ज, पंचनामा, छातीच्या उंचीवर घेराचे माप, मग तोड, मग ओंडक्यावर हातोड्याची खूण आणि मग सॉ मिलपर्यंतचा वाहतूक परवाना, ज्यावर तारीख घातलेली असते. टेम्पो पंक्चर झाला तर आपलेच लाकूड आपल्याच वाटेवर चोरीचे ठरू शकते, म्हणून स्टेपनी तपासून निघावे. नीलगिरी, सुरू, सुबाभूळ आणि नारळ यांना तोडीची परवानगी लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी सुताराचा सल्ला घेतला होता असे म्हणतात ते यावरूनच असावे, कारण घाईने कापलेली नीलगिरीची फळी पहिल्या उन्हाळ्यात पापडासारखी मुरडते. बांबूचा विचार करीत असाल तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड होते आणि ते झाड नसल्याचे केंद्राला नव्वद वर्षांनी, २०१७ साली, उमगले. आपल्या राज्याचा वन कायदा १९६३ चा आणि वेगळा आहे, हे आनंदाच्या भरात विसरू नये.

या सर्व विलंबाबद्दल लोक उगीच कुरकुरतात. ओले लाकूड घराला कधीही वापरू नये. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष सावलीत वाळवावे, असा जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे. आपल्या फळ्या दोन इंची असतील तर दोन वर्षे झाली, आणि फाइलही तेवढाच काळ मागते. आपण व्यर्थ खेटे घालीत नसून लाकूड वाळवीत आहोत, एवढी समजूत करून घेतली की बाकावर बसणे सोपे जाते. फळ्यांची थप्पी मात्र नीट लावावी. खाली चिऱ्यांचा ओटा करावा, म्हणजे वाळवी उशिरा पोचते. प्रत्येक दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक अशा ठेवाव्या की वारा आरपार गेला पाहिजे. फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट फासावा, कारण लाकडातले पाणी टोकांकडून सर्वांत लवकर निघते आणि टोके तडकतात. नव्याने कापलेल्या सागाला कोऱ्या चामड्यासारखा वास येतो. रविवारी थप्पीजवळ जाऊन तो घ्यावा. सोमवारी कचेरीत त्याचा उपयोग होतो.

बँकेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. साहेब नकाशा पाहतात, भिंतीवर बोट ठेवतात आणि ‘हे पक्के का नाही?’ असे विचारतात. आपल्या आजोबांच्या माजघरातली तुळई अजून वाकलेली नाही आणि समोरच्या आठ वर्षांच्या स्लॅबला मात्र ओल आली आहे, हे उत्तर बरोबर असले तरी त्यांच्या संगणकात तशी चौकट नाही. घरपट्टीच्या अर्जातही भिंतीसाठी काँक्रीट, वीट, दगड आणि माती असेच रकाने मी पाहिले. लाकूड ‘इतर’मध्ये जाते आणि ‘इतर’ म्हणजे शेड.

या शेडवरून एक अखेरची सूचना. थप्पीवर पाऊस पडू नये म्हणून मी नीलगिरीचे चार खांब रोवले, वर वासे आणि रिपा मारल्या, खानापूरची जुनी कौले घातली आणि वळचण दोन हात पुढे काढली. सुतार दुपारी जेवायला बसत असे, म्हणून त्याने उरलेल्या तुकड्यांचा एक बाक केला. पुढे वाऱ्याच्या बाजूने फळ्यांची एक आडोशाची भिंत आली. पाहणीसाठी आलेले गृहस्थ त्या बाकावर बसले, चहा प्याले, जागा फार गार आहे म्हणाले आणि पंधरा दिवसांनी विनापरवाना बांधकामाची नोटीस आली. दोन वर्षांत माझ्या अर्जात जे निवासी प्रयोजन, प्रस्तावित इमला आणि शेड यांपलीकडे कधी गेले नव्हते, त्याला त्या नोटिशीत पहिल्याच ओळीत स्वच्छ कन्नडमध्ये ‘मने’, म्हणजे घर, असे म्हटलेले आहे. आपल्याला अशी नोटीस आली तर तिच्या चार प्रती काढाव्यात. ई-स्वत्तूच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता-नोंदीच्या, अर्जाला ती घर असल्याचा पुरावा म्हणून जोडता येईल का, हे मी सोमवारी विचारणार आहे.