‘ऑडिट रिपोर्ट सगळ्यांचा सारखाच’ म्हणे!

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑडिट रिपोर्ट वाचू नका. मजकूर सगळ्यांचा सारखाच, त्यानं शेअरचा भाव हलत नाही, आणि क्लीन असला म्हणजे कंपनी ठणठणीत.’ कापसाचे पैसे आले की मोबाइलवर शेअर घेणारी पोरं आता गावोगाव आहेत, म्हणून हे उत्तर. ऑडिट रिपोर्ट म्हणजे कंपनीचे हिशेब तपासून ऑडिटरनं दिलेला अहवाल; हिशेबावर आक्षेप नसला की तो ‘क्लीन’.

मजकूर सारखा? बराचसा हो. कंपनीची जबाबदारी काय, ऑडिटरची काय, हे परिच्छेद ठरलेले असतात, ते सोडून द्या. पण 1 एप्रिल 2018 पासूनच्या वर्षांसाठी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांच्या अहवालात ‘की ऑडिट मॅटर्स’ असतात: ऑडिटरला सगळ्यात जास्त डोकं कुठं लावावं लागलं आणि तिथं त्यानं काय तपासलं. मागचा आणि यंदाचा अहवाल शेजारी ठेवा. शब्द न् शब्द तोच असेल तर हाती फारसं लागणार नाही. नवा मुद्दा आला, जुना गळाला, रक्कम बदलली, तर तिथं पेन्सिलीनं खूण करा. माहिती मोजायची ती अशी. पानं मोजून नव्हे.

शेअरचा भाव हलत नाही, हे अर्धं खरं आहे. अभ्यासकही हीच पट्टी लावतात: अहवाल आला त्या दिवसांत त्या शेअरचा भाव एकूण बाजारापेक्षा वेगळा किती हलला? ब्रिटनमध्ये 2013 पासून असे विस्तृत अहवाल सुरू झाले, तेव्हा भाव फारसे हललेले दिसले नाहीत. कारण त्यातल्या बऱ्याच जोखमी कंपन्यांनी आधीच सांगून झाल्या होत्या. हिंगणघाटला कापसाचा भाव दुपारीच फुटतो, पेपरात दुसऱ्या दिवशी येतो. म्हणून पेपर बिनकामाचा होतो का? दुपारी वावरात असलेल्याला तो भाव पेपरातच कळतो.

राहिलं ‘क्लीन’. तोटा नीट दाखवला असेल तर बुडत्या कंपनीलाही क्लीन मिळतो. आणि हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीला तर वर्षानुवर्षं मिळत होता. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच पाच हजार कोटींहून जास्त रोकड खोटी असल्याचं लिहून दिलं.

उलट आमच्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा अहवाल क्लीन नव्हता. ती लिस्टेड नाही, त्यामुळे की ऑडिट मॅटर्स वगैरे काही नाही. पण दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की गोदामातल्या तुरीच्या साठ्याची वर्षअखेरची मोजणी ऑडिटरनं पाहिलेली नाही. सभेत अहवाल वाटले, चिवडा झाला, मंजूर-मंजूर झालं. मी घरी येऊन वाचला आणि शेजारच्या काकांना ती ओळ दाखवली. पुढच्या सभेत ते उठले, “भाऊ, मंग तूर मोजली कोनं?”

मंचावर कागद चाळायला लागले.