‘गाडी नीट चालतेय, मग रिकॉलला कशाला न्यायची?’

‘रिकॉल आलं म्हणजे गाडी भंगार, कंपनीकडून नवीच मागा. नीट चालत असेल तर नेऊच नका, चांगले पार्ट काढून घेतात, वर बिल लावतात. सेकंड हँडवाल्यांना तर काहीच मिळत नाही.’ रिकॉल म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावणं, आणि त्यावरचा हा मेसेज फिरत फिरत माझ्या मेहुण्यापर्यंत पोचला. त्याची २०२१ची रॉयल एनफिल्ड मिटिऑर बाइक सेकंड हँड आहे आणि त्याला हे सगळं पटलंय, म्हणून लिहितोय.

‘नीट चालतेय’ हेच सगळ्यात घातक. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक, बुलेट आणि मिटिऑर मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातल्या मिटिऑर, जानेवारी ते एप्रिल २०२१ मधल्या क्लासिक आणि बुलेट. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. मिसफायर (इंजिनात ठिणगी चुकणं), ताकद कमी होणं आणि क्वचित शॉर्ट सर्किट, हे कंपनीनेच सांगितलं होतं.

प्लगमध्ये ठिणगी पडावी म्हणून कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. आतल्या वायंडिंगचं (तारेच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन कमजोर असेल तरी स्टँडवर गाडी टकटक सुरू राहते, कारण आयडलिंगला ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. खंबाटकी घाट चढताना मागे माणूस बसलाय, थ्रॉटल उघडलाय, तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात कॉइल तापलेली. मग करंट प्लगपर्यंत न जाता आतल्या आतच पळवाट काढतो. ओव्हरटेक करताना नेमकी गाडी मिसिंग मारते. थांबून थंड झाली की पुन्हा ठणठणीत, मेकॅनिकला काही सापडत नाही. लोक प्लग बदलतात, पेट्रोलला दोष देतात.

एक मान्य करतो. परत बोलावलेल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता. म्हणजे बहुतेक गाड्या ठीकच. पण आपली त्यात आहे की नाही, हे चालवून कळत नाही. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला सांगा. काम झालंय की बाकी आहे, ते नोंदीवरून कळतं.

नवी गाडी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ मध्ये सरकारने रिकॉलचा आदेश दिला तर पैसे परत, बदली गाडी किंवा दुरुस्ती अशी तरतूद आहे. कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलमध्ये सदोष पार्ट फुकट बदलून मिळतो, एवढंच.

बिलाचं म्हणाल, तर त्याच फेरीत सर्व्हिसिंगची कामं गळ्यात मारतात, हे खरं. रिकॉलचं जॉब कार्ड (कामाची नोंद) वेगळं करून घ्या, बाकी कामाला सरळ नाही म्हणा. जुनी कॉइल दाखवायलाही सांगा.

आणि सेकंड हँड. रिकॉल चेसिस नंबरवर असतं, मालकावर नाही. फक्त निरोप जातो पहिल्या मालकाच्या मोबाइलवर. तेव्हा आरसी नावावर झाली की सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतही आपला नंबर घालून घ्या.