नुसती लाइन नाही, पळण्याची ढबही बघा

लेखात म्हटलंय की अमेरिकन फुटबॉलच्या 2024 च्या मोसमात सेक्वॉन बार्कलीने चेंडू घेऊन पळून काढलेले 2,005 यार्ड ही फिलाडेल्फिया ईगल्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचीच, म्हणजे बचावपटूंना अडवून वाट करून देणाऱ्या खेळाडूंचीच, कमाई. मला हे अर्धंच पटलं. आदल्या मोसमात न्यूयॉर्क जायंट्स संघाकडून त्याचे 962 यार्ड होते, आणि जॉर्डन मायलाटा, लेन जॉन्सनसारखे टॅकल (लाइनच्या टोकांचे खेळाडू) पुढे असले की वाट मिळतेच. पण लाइनच्या अडवण्याशी (ब्लॉकिंगशी) पळणाऱ्याची ढब जुळावी लागते, त्यावर लेखात अवाक्षर नाही.

असाच चेंडू घेऊन पळणारा लेव्हिऑन बेल आठवा. पिट्सबर्गमध्ये चेंडू हातात आला की तो लाइनमागे जवळजवळ थांबायचा, गार्डने (टॅकलच्या आतल्या बाजूच्या खेळाडूने) समोरच्याला बाजूला रेटलं की त्या फटीतून सटकन निघायचा. 2016 मध्ये 12 सामन्यांत 1,268 यार्ड! तोच बेल 2019 मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाकडून खेळला. तिथली लाइन तेवढा वेळ तग धरायची नाही, त्यामुळे थांबणं अंगाशी यायचं. दर पळण्यामागची सरासरी आली 3.2 यार्डांवर. अशा लाइनमागे पहिल्या पावलालाच खाली मान घालून घुसणारा गडी बरा.

आणि ईगल्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा किंवा पळणाऱ्याच्या हाती देणारा खेळाडू) जेलन हर्ट्सला विसरू नका हो! तो स्वतः पळेल या धास्तीने कडेचा बचावपटू क्षणभर घुटमळतो, बार्कलीला तेवढं पुरतं.